दाराजवळचा पेन्सिलीचा तुकडा

दूध घेऊन आलो, कुलपात किल्ली घातली, फिरेना. आतून सुमन म्हणाली, "अहो, लवकर या... छातीत कसंतरी होतंय." मी म्हटलं, "आलो गं, कुलूप अडकलंय." तेच आमचं शेवटचं बोलणं. बायको जाऊन दोन महिने झाले.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला जमत नाही, पण हे पोटात ठेवायलाही जमत नाही. घाटकोपरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ग्राफाइट दळलं. ओडिशाच्या खाणींतून गोणी यायच्या. जमिनीखालच्या दगडात सापडणारी काळी, तुकतुकीत वस्तू. बोटांना लागली की साबणालाही दाद देत नाही. मिक्सरच्या मोटरीतले कार्बन त्याचेच, सेलमधली काळी कांडीही. पेन्सिलीतही तेच, शिसं नुसतं नावाला. लग्नानंतर माझे हात बघून सुमन म्हणाली, "बाबांनी कोळसेवाल्याच्या गळ्यात बांधलं की काय मला?" तेव्हा मीच तिला शिकवलं... पिशवीची चेन अडकली, कडी कुरकुरली, कुलूप जड झालं, की पेन्सिल घासायची. लोण्यासारखं चालतं.

तिने ते धरून ठेवलं. दहिसरच्या खोलीत दाराजवळच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिलीचा तुकडा टांगला. दसऱ्याला विळी, कात्री, माझा जुना पाना पुजायच्या आधी किल्लीवर पेन्सिल घासून कुलपात चारदा फिरवायची. यंदा गुडघ्यांनी बसवलं तिला. मला म्हणाली, "तेवढी किल्ली घासा. तेल नका हां घालू, धूळ धरतं."

"मला शिकवतेस?" म्हटलं. आणि आळसाने खोबरेल ओतलं. एकतीस वर्षं ग्राफाइटमध्ये काढलेला मी!

थंडी पडली. बाटलीतलं खोबरेल गोठलं, तसं कुलपातलंही, धुळीसकट. तिला उठवत नव्हतं म्हणून त्या सकाळी बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. शेजारच्या गावड्याने हातोडीने कडी तोडली, तोवर आतला आवाज थांबला होता. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दार आधी उघडलं असतं तरी..." मुलगी म्हणते, विसरा. कसं विसरू?

नवीन कुलूप आणलंय. तुकडा तिथेच आहे, तिने टांगलेला, आता नखाएवढा राहिलाय. रोज दूध आणायला निघताना किल्लीवर घासतो. परत आलो की कुलूप पहिल्या फेरीत उघडतं, आवाजसुद्धा होत नाही.

आता उघडायची घाई कोणाला नाही.