लताबाई पगारे यांचे ब्रेक

लताबाई पगारे निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या कॉलनीनं त्यांच्यासाठी कामं ठरवून ठेवली होती. विहारात मुलांचे वर्ग घ्या, बचत गटाचं अध्यक्षपद घ्या, आणि हे काही जमत नसेल तर मुलाचं लग्न उरकून नातवंडं सांभाळा. लताबाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि एका रविवारी दोन दारांची निळी स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली.

गाडी जपानी, जुनी, पण तीनशे घोड्यांच्या ताकदीची. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलानं हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर फवारणीच्या ट्रॅक्टरशेजारी शेडमध्ये टाकून दिलेली. ती सुरू झाली की आमच्या घरातली भांडी वाजायची. मी शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्यामुळे सगळी गल्ली मला नुसतं 'बाई' म्हणते. गल्लीचं म्हणणं मला ऐकावंच लागतं. "साठी बुद्धी नाठी," असं म्हणणारे त्या आठवड्यात मला पाच-सहा तरी भेटले. यातल्या दोघांनी स्वतः निवृत्तीनंतर बुलेट घेतल्या होत्या. त्यांची बुद्धी शाबूत, कारण त्यांना मिशा होत्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

लताबाईंची सगळी नोकरी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तपासणीत गेली. छापून आलेल्या नोटांच्या शीटवर नजर फिरवायची आणि बिघडलेली शीट बाजूला काढायची. मिस्टर गेले तेव्हा मुलगा बुद्धभूषण आठवीत होता. त्यानंतर त्या मिस्टरांची गिअरची स्कूटर साडी खोचून चालवत कामावर जायच्या. लोक तेव्हाही हसले होते. पुढे त्याच लोकांनी आपापल्या मुलींना स्कूटी घेऊन दिल्या.

तर गाडी आली, आणि महिन्याभरातच सावळघाटाचा तो प्रकार घडला.

पेठजवळ भागीबाई नावाच्या ओळखीच्या बाईंकडून आम्ही दोघी दर वर्षी नागली आणतो. त्या वर्षी एसटीऐवजी निळ्या गाडीनं निघालो. घाट उतरताना मध्यावर पोहोचलो आणि लताबाईंचा चेहरा बदलला. त्या ब्रेक दाबत होत्या आणि पाय थेट खालपर्यंत जात होता. पुढे वळण, डाव्या हाताला दरी. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये घातली आणि डोंगराच्या बाजूला मुरमाच्या ढिगात घुसवली. आम्ही बाहेर पडलो तर पुढच्या दोन्ही चाकांमधून धूर येत होता. मी खाली बसले ती पाणी प्यायल्याशिवाय उठले नाही. जाणाऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि आम्ही एसटीनं घरी पोहोचायच्या आत तो कॉलनीच्या ग्रुपवर फिरला.

बुद्धभूषण बँकेत आहे, सरळ मुलगा आहे, आईवर जीवही आहे. पण त्या संध्याकाळी त्यानं टीव्हीवर ठेवलेली किल्ली उचलून स्वतःच्या खिशात घातली.

"आई, झाली हौस. पुण्याचा एक माणूस गाडी घ्यायला तयार आहे. मी बोललोय त्याच्याशी."

"कुणाला विचारून?"

"तू मेली असतीस आज. बाईंनाही घेऊन."

लताबाई म्हणाल्या, "ब्रेक गेले, भूषण. मी नाही गेले. ब्रेक नीट करते, मग तुला शेजारी बसवून तोच घाट उतरते. त्यानंतर विकायचं बोल." त्यानं मान्य केलं, पण किल्ली खिशातच ठेवली. घाटात पुन्हा काही कमी-जास्त झालं तर गाडी पुण्याला जाणार, हे त्यानं माझ्यासमोर वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं कॉलेज रोडच्या एका काचेच्या दुकानात गेलो. रेसच्या गाड्यांचं सामान तिथे दागिन्यांसारखं दिवे लावून मांडलेलं होतं. दुकानदार तरुण आणि गोड. "काकू, मुलाला घेऊन या ना, त्याला समजावून सांगतो," म्हणाला.

"गाडी माझी आहे. मला समजावा."

मग त्यानं कॅटलॉग उघडला. ब्रेकच्या भल्या मोठ्या डिस्क, त्या पकडणारे लाल रंगाचे सहा पिस्टनचे कॅलिपर, आणि गाडी जमिनीपासून चार बोटं राहील अशा बुटक्या स्प्रिंगा. लाल कॅलिपर चाकातून काय दिसतात, हे तो बराच वेळ सांगत होता.

"लाल रंगानं गाडी लवकर थांबते का?" लताबाईंनी विचारलं.

तो हसला. त्या हसल्या नाहीत. या डिस्क माझ्या चाकात बसतील का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही, म्हणजे चाकंही मोठी घ्यावी लागतील, मग टायर पातळ येतील. पातळ टायर पेठ रोडच्या खड्ड्यात टिकतील का? तो म्हणाला, काकू, या गाड्या पेठ रोडसाठी नसतातच. "मी पेठ रोडलाच राहते असं समजा," असं म्हणून त्या उठल्या. मी बाहेर येऊन म्हणाले, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण रोग काय हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

ते कळलं अंबडच्या चंदरकडे. चंदर रॅलीत पळणाऱ्या पोरांच्या गाड्या तयार करतो. गाडी घाटातून टोइंगच्या ट्रकवर चढवून त्याच्याकडे नेली. किल्ली बुद्धभूषणनं स्वतः येऊन चंदरच्या हातात दिली. आई शेजारी उभी असताना. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

चंदरनं चाकं काढली. ब्रेकपॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले, डिस्क निळसर पडलेली, ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. शॉकअपमधून तेल गळून वाळलेलं. मग मान वर करून म्हणाला, "मावशी, सामान जुनं हाय हे खरं. पन एवढं तापाया नाय पायजे. घाट कुठल्या गिअरमधी उतरल्या?"

"न्यूट्रलमध्ये," लताबाई म्हणाल्या. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?"

चंदरनं पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागला. मीही हसले असते, पण मला ते वेडेपण वाटलंच नव्हतं. आमच्या पिढीत स्कूटर चालवणारा प्रत्येक जण उतार आला की गिअर काढायचा. माझे मिस्टर काढायचे, लताबाईंचे काढायचे. पेट्रोल वाचवणं हा तेव्हा संस्कारच होता. फरक एवढाच, की स्कूटरला नाशकातल्या द्वारका चौकाचा उतार होता आणि या दीड टनाच्या गाडीला अख्खा घाट. इंजिनानं जो भार धरायचा तो सगळा चार पॅडवर पडला आणि ते शिजले.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "भूषणला हे सांगू नका. सामान जुनं होतं, ते खरंच आहे. तेवढंच सांगा."

"बाई, आयुष्यभर बिघडलेली शीट बाजूला काढली मी. ही माझी आहे म्हणून गठ्ठ्यात सरकवू?"

घरी गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं, उभ्या उभ्याच, पर्ससुद्धा न ठेवता. बुद्धभूषणच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण सुटका नक्की म्हणेन. "म्हणजे चूक तुझीच होती. मग प्रश्नच मिटला."

"चूक माझी आहे आणि गाडीही माझी आहे. दोन्ही मीच दुरुस्त करणार. ठरल्याप्रमाणे घाटात चल."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हेही लिहून टाकते. समोरच्याला हुकमाचा पत्ता कुणी असा हातात देतं का? पण रात्री जेवताना मला कळलं, की मी त्यांच्या जागी असते तर खोटं बोलले असते आणि जन्मभर गाडी भीत भीत चालवली असती.

मग निवड सुरू झाली, आणि चंदरच्या नाकी नऊ आले. त्याला वाटत होतं, बाई पैसे घालतायत तर गाडी रॅलीसारखी करू. त्यानं कडक, उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन सुचवलं. लताबाई म्हणाल्या, आधी बसून बघते. त्यानं एका पोराच्या तशा गाडीत त्यांना अंबडच्या मागच्या रस्त्यावर फिरवलं. उतरल्यावर त्या कंबर धरून उभ्या राहिल्या.

"कंबरेचं सोड. खड्ड्यावर चाक हवेत जातंय, चंदर. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग?"

"गुळगुळीत ट्रॅकवर लय भारी चालती, मावशी."

"नाशकात गुळगुळीत रस्ता दाखव, लगेच बसवते."

शेवटी त्यांनी स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या, उंची तीच ठेवली, आणि त्या स्प्रिंगांना साजेसे, जरा घट्ट धरणारे नवे शॉकअप घेतले. सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश सगळे बदलले. ब्रेकमध्ये डिस्क मूळ मापाच्याच नव्या, पण पॅड जास्त उष्णता सोसणारे. त्यातही चंदर ट्रॅकवरचे पॅड देत होता. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत असं कळल्यावर लताबाईंनी परत केले. "सकाळी गल्लीत पोर आडवं आलं तर त्याला थांब म्हणू का, पॅड तापू दे?" ब्रेकच्या रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या, आणि लवकर न उकळणारं ब्रेक ऑइल. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही असं सगळं सामान. "मावशी, एवढं करून गाडी दिसती तशीच," चंदर कुरकुरला. त्या म्हणाल्या, मी पण.

नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून पुनःपुन्हा हळू करावी लागते. ते चंदरनं केलं. गाडी घरी आली, किल्ली परत बुद्धभूषणच्या खिशात गेली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. त्यानं किल्ली आईच्या हातावर ठेवली ती उसनी दिल्यासारखी, बजावून: "आजच्यापुरती." मी मागे. त्या गाडीची मागची सीट माणसासाठी केलेली नाही, दप्तरासाठी असावी, पण मला हे चुकवायचं नव्हतं.

घाट सुरू व्हायच्या आधी लताबाईंनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली आणि तिथेच ठेवली. इंजिन घुमत होतं, गाडी आपोआप धरून चालली होती. वळण आलं की थोडका, ठाम ब्रेक, मग पाय वर. मागच्या वेळी त्या सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून आल्या होत्या, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. खड्डे आले, गाडी एकदा दबली आणि लगेच शांत झाली. बुद्धभूषणचा उजवा पाय मात्र घाटभर पायपुसणं दाबत होता.

मुरमाच्या ढिगाचं वळण ओलांडलं आणि पुढच्या वळणावर दुधाचा टेम्पो रस्त्यातच उभा. चालक खाली उतरून दोर आवळत होता, समोरून एसटी येत होती. बुद्धभूषण "आई" एवढंच म्हणाला. लताबाईंनी ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आदळले. गाडी सरळ रेषेत, नाक खाली करून, टेम्पोच्या बऱ्याच अलीकडे थांबली. एसटी निघून गेली. टेम्पोवाल्यानं मान वळवून बघितलं आणि परत दोर आवळायला लागला.

पायथ्याला लताबाईंनी गाडी बाजूला घेतली, बंद केली. चाकांशी वाकून हात न लावता वास घेतला. धूर नव्हता, काही जळालेलं नव्हतं. बुद्धभूषण उतरून उभा होता. त्याचा रंग अजून परत आला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी पुण्याच्या माणसाला नाही म्हणून कळवतो. किल्ली ठेव तुझ्याकडेच."

लताबाईंनी पर्स उघडली, आतून एक किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. तशीच निळ्या फितीची, दुसरी.

"ही किल्ली गाडी घेतली त्या दिवसापासून माझ्या कपाटात होती. गाडी महिनाभर उभी होती ती ब्रेक धड नव्हते म्हणून. तुझ्या खिशामुळे नाही."

त्यानं किल्ली उलटी करून बघितली. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मागितलीस कुठे? काढून घेतलीस."