सटवाजीचा पावर ब्रेक

सटवाजीला निवांत बसणं कधी जमलंच नाही. जेवायला बसला तरी एक डोळा दाराकडं. लग्नाला गेला तर अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर, आणि मयताला गेला तर तिथंही गाड्या कुठं लावायच्या ते सांगत हिंडणार. उमेदीची सगळी वर्षं त्यानं कंधार-नांदेड रस्त्यावर काळीपिवळी जीप हाकली. जीप मोडीत निघाल्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरची पासष्ट सालची अँबेसेडर घेतली. पुढं सलग सीट, गिअर स्टेअरिंगच्या दांडीला आणि किल्ली डॅशबोर्डाच्या मधोमध. लग्नसराईत नवरदेव तिच्यात मिरवायचे. बाकी वर्षभर सटवाजी कामं शोधून काढायचा. "उमरीला कापसाचा काय भाव चालू हाय, बघून येतो," म्हणायचा, आणि घरात कापसाचं बोंडसुद्धा नसायचं.

त्याची बायको चांगुणाबाई या भिरभिरण्याला विटली होती. त्यात सटवाजीचा उजवा गुडघा गेला. जुन्या गाडीचा ब्रेक म्हणजे अंगातली सगळी ताकद मागणार, आणि गुडघा ती देईना. एकदा बाजारात गाडी थांबली ती कांद्याच्या गाड्याला टेकूनच. गाडेवाल्यानं सटवाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारी बसलेल्या चांगुणाबाईनं तोवर दोन्ही पायांनी खालचा पत्रा दाबून धरला होता.

"इकून टाका आता ही," ती म्हणाली.

"इकली तर मी काय करू? ओट्यावर बसून माशा मारू?" सटवाजी हसत म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. हा माणूस गाडीवाचून दिवस काढील कसा, हे तिलाही समजत नव्हतं. पण जीव जाण्यापेक्षा बसलेला बरा, असं तिचं सरळ मत होतं.

शेवटी नांदेडच्या पंचाक्षरी मिस्त्रीनं मधला मार्ग काढला. भंगारातल्या व्हॅनचा बूस्टर या गाडीला बसवायचा. ब्रेक पावर ब्रेक होईल, गुडघ्याला त्रास नाही. तो पत्रे कापून वेल्डिंग करत असताना सटवाजी त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. मागितला नसताना पाना द्यायचा, मागितला की चुकीचा द्यायचा.

"मामा, एका जागी बसा," पंचाक्षरी वैतागून म्हणाला, "न्हाईतर तुमालाच गाडीला वेल्डिंग मारतो."

काम झाल्यावर मात्र त्यानं दोघांना समोर उभं करून सांगितलं, "हे समदं इंजनाच्या वढीवर चालतंय. इंजन चालू हाय तवर पायाला जोर. इंजन बंद केलं की एकदोनदा ब्रेक लागंल, मग पायडल दगड. उतारावर किल्ली फिरवायची न्हाई. कळलं का, मामा?"

"हाव," सटवाजी म्हणाला. त्याचं लक्ष रस्त्याकडं होतं.

पहिल्याच चौकात त्यानं सवयीनं सगळा भार देऊन ब्रेक मारला, आणि चांगुणाबाईचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. "लोणी हाय, लोणी!" तो ओरडला. तिनं शिव्या घातल्या, पण मनातून तिलाही बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात दोघं राजकन्या नावाच्या लेकीकडं रेणापूरला निघाली. कंधार मागं पडलं, डोंगराचे चढउतार लागले. एक लांब उतार आला आणि एकाएकी गाडीचा आवाज थांबला. नुसता वाऱ्याचा आवाज. चांगुणाबाईला क्षणभर छानच वाटलं. जीपच्या काळात सटवाजी प्रत्येक उतारावर गिअर काढून इंजन बंद करायचा. पेट्रोल वाचायचं आणि उतार फुकट मिळायचा. ती शांतता तिच्या ओळखीची होती.

खाली उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा वळत होता. सटवाजीनं ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, लागल्यासारखा झाला. तिसऱ्यांदा पायडल हललंच नाही. तो दोन्ही पायांनी त्याच्यावर उभा राहिला, गुडघ्यातून कळ निघाली तसा किंचाळला. मग हँडब्रेक ओढला, करकरा वाजवत गिअर घातला आणि गाडी बाभळीत घातली. काटे काचेवर खरखरले. गाडी थांबली.

दोघंही जिवंत होती. सटवाजी किल्लीकडं बघत होता.

"मीच बंद केली," तो म्हणाला. "कवा केली, आईच्यान कळलं न्हाई गं."

घरी आल्यावर त्यानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मग तो ओट्यावर बसला. बसलाच. कुणी हाक मारली तर मान हलवायचा. जेवायला मांडी घालून बसायचा, शेवटच्या घासापर्यंत. उभ्या संसारात चांगुणाबाईनं जे मागितलं होतं ते आता समोर होतं, आणि ते तिला बघवेना. आता तीच घरात-ओट्यावर, ओट्यावर-घरात करू लागली. रात्री त्याचा श्वास चालू आहे का, ते बघायला उठू लागली. उतारावर वाटली नव्हती इतकी भीती तिला त्या बसण्याची वाटली.

एका सकाळी तिनं ताडपत्री ओढून काढली आणि गाडीत जाऊन बसली.

"चला. रेणापूरला जायचंय."

"येष्टीनं जा."

"न्हाई जात."

"पुन्यांदा तसंच झालं तर?"

"मी हाय न्हवं? बसा."

बराच वेळ तो ताडपत्रीची घडी घालत राहिला. मग बसला.

तोच उतार आला. चांगुणाबाई सीटवरून सरकत त्याच्याजवळ आली आणि तिनं किल्लीवर मूठ आवळली. आज कदाचित तो मिस्त्रीचं सांगणं विसरणार नाही, असं तिला वाटत होतं. इतकी ठेच खाल्लेला माणूस. पण उतार लागताच त्याचा डावा हात गिअरवरून उठला, सरळ मधोमध आला आणि तिची बोटं धरून पिरगाळू लागला. ती कळवळली, पण मूठ सोडली नाही. मग तो हात थबकला. इंजन चालूच होतं. सटवाजीनं पाय अलगद टेकवला, गाडी हळू झाली.

"गेलाच की गं हात," तो म्हणाला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "समोर बघा."