टीव्हीवर नसलेला बाप

येरमाळ्याच्या हायवेवर, माझ्या हॉटेलाला लागून त्याचं पंक्चरचं दुकान आहे. ट्यूब पाण्यात बुडवायच्या आधी तो ती कानाला लावतो आणि डोळे मिटतो. त्याची पोरगी गायला लागली की तसाच बसायचा.

ती टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली, तेव्हा शूटिंगवाले गावात आले. घरची काही दुःखाची गोष्ट पाहिजे म्हणाले. तो टायर आणायला सोलापूरला गेलेला. मीच कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "बाप लहानपणीच वारला." लोक रडले, मतं पडली, पोरगी जिंकली. खोटं आहे म्हणायला स्टेजवर तिची जीभ उचलली नाही.

त्याला कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा. आता बदललं तर पोरीलाच खोटारडी म्हनतील."

तेव्हापासून दुकानापुढं अनोळखी गाडी थांबली की तो आधी शटर ओढतो.

आता ती परदेशातल्या स्पर्धेत देशाकडून गाणार आहे. काल शूटिंगवाले पुन्हा येणार होते. खरं सांगून टाकू म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तो स्टुलावर चढून स्वतःच्या फोटोला झेंडूचा हार घालत होता. बायको भिंतीकडं तोंड करून बसलेली. तिनं कुंकू पुसलं होतं.

"सरळ हाय का बघा," तो म्हणाला.

"व्हय," माझ्या तोंडून गेलं.

बाहेर गाडी थांबली. तो मागच्या दारानं रानाकडं गेला. पुढचं दार मीच उघडलं.