ग्रीक आजोबांचा बिननंबरचा शुक्रवार

आमची सई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी, एक पाय हवेत, 'प्रोतोस', म्हणजे पहिला, म्हणाली, आणि खाली आजोबांच्या दारातून पुढचा नंबर आलाच नाही. असं कधी व्हायचं नाही. कारण पहिला-दुसरा-तिसरा लावल्याशिवाय ज्याचा श्वास पुढे सरकत नाही, असा माणूस अख्ख्या आयर्लंडात आमच्या ग्रीक आजोबांसारखा दुसरा नसेल, आणि असलाच तर त्यांनी त्याला 'देफ्तेरोस', म्हणजे दुसरा, म्हणून केव्हाच मागे उभा केला असता.

ते इथे डून लेरी गावात आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. ग्रीक शिकवून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा तिकडे ग्रीसला. माझी बारावी राहिलेली, मला कसलं ग्रीक कळतंय, पण त्यांना शिकवायला कोणीतरी हवंच होतं आणि लॉकडाऊनमध्ये जिन्यात मीच सापडायचे. बिल्डिंगमध्ये मी आधी हॅलो केलं म्हणून मी 'प्रोती', पहिली. आमचे हे नंतर भेटले म्हणून देफ्तेरोस. ह्यांना ते फार लागलं. "चेरीवूडच्या ऑफिसात मी अख्खी टीम सांभाळतो आणि हा म्हातारा मला दुसरा म्हणतो," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, घरातपण तसंच आहे की." दुकानाबाहेर लांब लांब उभं राहायची रांग असायची, तिथे आजोबा काठीने प्रत्येकाला नंबर द्यायचे. एक जण मध्ये घुसला तर त्याला म्हणाले, "तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ग्रीकांनी कोणाला ठेवलेलंच नाही." तो बिचारा सॉरी म्हणून निघूनच गेला, ब्रेड न घेता.

सईचा आणि त्यांचा जिन्याचा खेळ होता. आजोबा खाली दारात, ही पायरीवर. एक नंबर हिचा, एक त्यांचा, त्यांनी म्हटल्याशिवाय ही पुढची पायरी चढायची नाही. चढताना आजचे शब्द, उतरताना हजारो वर्षांपूर्वीचे. सहावा आता 'एक्तोस', पण तेव्हा 'हेक्तोस'. "सुरुवातीचा ह वाटेत कुठेतरी पडला, सापडला तर आणून दे," म्हणाले, तर पोरगी चपलांच्या रॅकखाली शोधत बसली. त्यांच्यात सोमवार म्हणजे दुसरा, मंगळवार तिसरा, असं गुरुवारपर्यंत नीट चालतं आणि शुक्रवारला नंबरच नाही. मग शुक्रवारी आजोबा असे रुसायचे, जसं काही तो नंबर कोणी त्यांच्या घरातून चोरून नेलाय. पण खेळात उत्तर द्यायचे. बारीक आवाजात का होईना, द्यायचेच.

आणि तो शुक्रवार होता. मी वर ओरडले, तर हे मीटिंगमधूनच म्हणाले, "रुसले असतील गं." आजोबांची किल्ली माझ्याकडे होती, प्रोती ना मी. पण तेव्हा दुसऱ्याच्या घरात जायचं नाही असा नियम, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आले तर, व्हिसाचं काही झालं तर, मलाच कोरोना लागला तर, पोरीचं कसं, सगळं डोक्यात येऊन गेलं. मास्क लावला, सईला म्हटलं हलू नकोस, आणि गेले.

किचनमध्ये जमिनीवर होते, पाय वाकडा. "प्रोती," म्हणाले, "पहिलं, गॅस बंद कर. दुसरं, मी पडलोय."

अँब्युलन्सवाले आले, नखशिखांत प्लास्टिकमध्ये. डोकं जागेवर आहे का बघायला विचारलं, आज वार कोणता? आजोबा म्हणाले, "आजच्या वाराला नंबर नाही." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एक जण हळूच म्हणाला, डोक्यालाही लागलंय वाटतं. उगाच वेड्यात काढतील आजोबांना, म्हणून मी मध्येच माझ्या तोडक्या इंग्लिशमध्ये, "नो नो, ही इज ग्रँड," इथे ठीक असण्याला ग्रँडच म्हणतात, "फ्रायडे हॅज नो नंबर." मग त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं. स्ट्रेचरवरून आजोबा म्हणाले, "प्रोती पास." मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

पायाचं हाड जुळलं, विमानं सुरू झाली आणि मुलगा त्यांना ग्रीसला घेऊन गेला. खालचं दार आता बंद असतं. सई मात्र रोज पहिल्या पायरीवर 'प्रोतोस' म्हणते आणि पाय हवेत धरून उभी राहते. काल आमचे हे हेडफोन गळ्यात घेऊन वरच्या दारात आले आणि म्हणाले, "देफ्तेरोस." अगदी आजोबांसारखं. कधी शिकले कोण जाणे. सईने ह्यांच्याकडे पाहिलं, मग खालच्या दाराकडे पाहिलं, आणि पाय तसाच हवेत. आता तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर तिला हाताला धरून वर चढवलं असतं, की तिच्याबरोबर तिथेच थांबला असता?