हिरव्या सायकलची पावती

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला, कुमुदला, मी सगळं सांगायचो, पण हे तिलाही नाही. निवृत्तीच्या दिवशी चार माणसं माझ्या सचोटीबद्दल बोलली आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, विनय आहे. विनय कसला? तुम्हाला सांगतो. सरळ सांगता येईल असं वाटत नाही. जरा वळसा पडेल.

मी फौजदार होतो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. तीन महिन्यांसाठी लेकीकडे, मेधाकडे, नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आलो आणि करोनाने विमानं बंद केली. मुक्काम वाढतच गेला. मेधा ओट्यावर लॅपटॉप ठेवून नोकरी करायची आणि नात इरा जेवणाच्या टेबलावर बसून शिकायची. ती कायद्याची विद्यार्थिनी आहे. विद्यापीठ बंद, म्हणून वर्ग घरातच.

तिला एक निबंध लिहायचा होता. इंग्लंडच्या कायद्यात पोलिसांना माणसाला थांबवायचा, झडती घ्यायचा, घरात शिरायचा, अटक करायचा अधिकार कुठवर आहे, हा विषय. ती मला वाचून दाखवायची, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत.

“आजोबा, लिसन. तिकडे पोलिसाने रस्त्यात झडती घ्यायची तर आधी स्वतःचं नाव सांगायचं. कुठल्या ठाण्याचा, काय शोधतोय, का संशय आला, सगळं. आणि त्या माणसाला त्याची लेखी कॉपी मागता येते. तुमच्याकडे काय होतं?”

मी म्हणालो, आमच्याकडे पंचनामा. दोन त्रयस्थ माणसं, शक्यतो त्याच वस्तीतली, झडती डोळ्यांनी बघतात. सापडेल ते त्यांच्यासमोर लिहायचं. त्यांनी वाचून सही करायची.

“वॉव! म्हणजे पोलिसांवर शेजाऱ्यांचं लक्ष! आणि तुम्ही ऑलवेज तसंच करायचात?”

“नेहमी,” मी म्हणालो.

तिने ते टाइप केलं. आपल्या आजोबांनी दोन साक्षीदारांशिवाय कधी झडती घेतली नाही, असं. अभिमानाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. मी चष्मा पुसत बसलो.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? नाही बोललो. एका खोटेपणावर दुसरा चढवला, आणि तोही तिच्या निबंधात.

दोन-तीन दिवसांनी इराची सायकल घेऊन आम्स्टेल नदीच्या काठाने निघालो होतो. चालवत नव्हतो, हातात धरून चालत होतो. गुडघे आता तेवढंच ऐकतात. मागून दोन पोलीस सायकलवरून आले, एक तरुण मुलगी आणि एक पुरुष. दीड मीटर अंतरावर थांबले. मुलीने मास्क नीट केला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाली की अशीच एक निळी सायकल सुपरमार्केटसमोरून चोरीला गेली आहे, नंबर बघू का? कुत्रा घेऊन निघालेल्या एक बाई थबकून बघायला लागल्या. मुलगी गुडघ्यावर बसली, सांगाड्यावरचा नंबर फोनशी ताडून पाहिला आणि उठली. शेवटचे आकडे जुळत नव्हते. “सॉरी, मेनेअर.” मेनेअर म्हणजे त्यांच्याकडचं ‘साहेब’. मग त्या बाईंकडे वळून ती मोठ्याने बोलली. डच होतं, पण कळलं मला: यांची काही चूक नाही, माझी झाली.

एवढंच. दोन मिनिटं लागली असतील. दोघं निघाले तरी मी हँडल धरून तिथेच उभा राहिलो, तेव्हा तिने वळून विचारलं, घरापर्यंत सोबत येऊ का? तिला वाटलं, म्हातारा पोलिसांना घाबरला.

मी कुणाला घाबरलो होतो? आता सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तालुक्याच्या गावी असताना गावातल्या एका बड्या माणसाची हिरवी सायकल गेली. आठवडी बाजारात मला हिरव्या सायकलवर एक माणूस दिसला. वामन कदम त्याचं नाव, हायस्कूलच्या प्रयोगशाळेत शिपाई. मी त्याला कॉलर धरून उतरवला. तो म्हणत होता, “साहेब, माझीच आहे, घरी पावती आहे.” मी म्हणालो, “चोरांच्या घरी पावत्याच असतात रे!” बाजार हसला. शाळेची मुलं हसली, आणि ती त्याला ओळखत होती.

ठाण्यात सायकल उलटी करून नंबर पाहिला. फिर्यादीत शेवटचा आकडा चार होता. सायकलवर नऊ. बाकी सगळे जुळत होते, हा एक नाही. दुकानात एकाच खेपेला आलेल्या सायकली असणार.

तेव्हा सोडायला काय हरकत होती? बाजारातून परत त्याच्याबरोबर चालत जायचं, एवढंच करायचं होतं. मला ते जमलं नाही. साहेबांनी दबाव टाकला नव्हता. कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला फक्त त्या हसणाऱ्या बाजारासमोर खोटं पडायचं नव्हतं.

मी त्याच्या घरी गेलो. बूट घालून आत शिरलो. त्याची बायको घरात होती. तिने ट्रंक उघडली, साड्यांच्या खालून पावती काढली आणि माझ्या हातात दिली. विश्वासाने दिली. पोलिसाला कागद दाखवला की सुटका होते, असं तिला वाटलं असेल. पावतीवर पूर्ण नंबर होता. शेवटी नऊ.

मी ती घडी घालून खिशात ठेवली.

पंच? पंच नव्हतेच. आमच्या कपाटात सह्या केलेले कोरे कागद असायचे. ठाण्यासमोरचा हॉटेलवाला आणि पानवाला, आमचे ठरलेले पंच, सवड मिळेल तेव्हा एकदम दहा-दहा सह्या करून जायचे. सगळीकडे तसंच चालायचं, पण त्या कागदावर काय लिहायचं ते मी ठरवलं. सायकलवरचा शेवटचा आकडा चार. घरझडतीत पावती मिळून आली नाही. सायकल त्या बड्या माणसाच्या ताब्यात दिली, त्यामुळे कोर्टाने ती पाहिलीच नाही. मी शपथेवर साक्ष दिली. वामन कदमला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. तुरुंग टळला, पण गुन्हा शाबीत झाला आणि शाळेने त्याला काढून टाकलं.

पावती मी फाडली नाही. का नाही फाडली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये होती. फाइलबरोबर ती इथेही आली.

त्या दिवशी नदीवरून परत आलो आणि पावती इराच्या लॅपटॉपवर ठेवली. सगळं सांगितलं. ती रडेल, चिडेल असं वाटलं होतं. तिने निबंधातली ती ओळ शेवटाकडून एकेक अक्षर करत पुसली. मग विचारलं, “त्यांचं नाव काय?” माझ्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिने त्या गावातल्या हायस्कूलचा फोन नंबर शोधून काढला.

मी नव्याने पंचनामा लिहिला. वेळ, जागा, पावतीचं वर्णन, मी काय केलं ते. सगळं कळल्यावर मेधा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. कागद पुढे केला तर म्हणाली, “थांबा बाबा. वाचल्याशिवाय सही करणार नाही मी.” तिने दोनदा वाचला. एका ठिकाणी मी ‘चूक झाली’ लिहिलं होतं, तिथे बोट ठेवून म्हणाली, “झाली नाही. केलीत.” मी खोडून तसं लिहिलं. मग दोघींनी सह्या केल्या. माझ्या आयुष्यातले पहिले पंच, ज्यांनी मला दुरुस्त केलं.

शाळेने मिळवून दिलेल्या कदमांच्या नंबरवर कागदाचा आणि पावतीचा फोटो पाठवल्यावर आठ दिवसांनी फोन आला. वामन कदमांची मुलगी सुनंदा. त्याच गावात शिक्षिका आहे. आवाज कोरडा होता. “बाबा आहेत. ऐकू कमी येतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. नंबर आल्यावर म्हणाले, थांब. आणि पुढचा सगळा नंबर त्यांनीच म्हटला, शेवटच्या नऊपर्यंत. तोंडपाठ आहे त्यांना.” मग म्हणाली, “आई हे ऐकायला राहिली नाही.”

ती कोर्टात अर्ज करणार आहे. बाबांना नोकरी नको, सायकल नको, नाव स्वच्छ हवं आहे. त्यासाठी मला साक्षीला उभं राहावं लागेल, आणि माझ्यावरही खटला होऊ शकतो, हे तिने स्पष्ट सांगितलं. मी म्हणालो, येतो.

विमानं सुरू झाली आहेत. लसीचे दोन्ही डोस झालेत. खोट्या साक्षीला शिक्षा किती, हे इरा शोधत होती. मी तिला थांबवलं. आता ती रोज माझी उलटतपासणी घेते, टेबलापलीकडून, भुवया चढवून. कुठे शब्द मऊ केला की टेबलावर पेन आपटते. कालच्या सरावात तिने विचारलं, सायकलवरचा शेवटचा आकडा कोणता होता?

नऊ, मी म्हणालो. मूळ पावती माझ्याकडे आहे, ती मी हातात घेऊनच येणार आहे.