साडूंचा कॅमेरा आणि आत्यांची खुर्ची

चांगल्या कॅमेऱ्याचा माझ्या साडूंइतका अपमान नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. उभं आयुष्य नागापूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काढलं, तिथून निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोला स्वयंपाक शिकवायला लागले. आठवडाभरात तिनेच त्यांना बाजारात पिटाळलं. परतले ते गळ्यात हा भलाथोरला कॅमेरा अडकवून. त्या दिवसापासून त्यांची मान थोडी पुढे आणि नाक बरंच वर असतं. मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "हा फोटो नाही. ही नुसती नोंद आहे." मी गरीब माणूस, गेली कित्येक वर्षं नोंदीच काढत आलो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

त्यांचा पहिला हंगाम लाल गेला. खंडेनवमीला कारखान्यात मशीनला हळदकुंकू लागायचं, त्या सवयीने त्यांनी कॅमेऱ्याचीही पूजा मांडली, नारळ फोडला आणि ओल्या कुंकवाचं बोट थेट काचेवर टेकवलं. पुढचा महिनाभर त्यांच्या फोटोंतलं जग सूर्यास्तातच होतं. सकाळचा दूधवाला सूर्यास्तात, दुपारची म्हैस सूर्यास्तात. आम्ही विचारलं तर म्हणाले, "याला वॉर्म टोन म्हणतात. तुम्हाला नाही कळायचं." शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, पदराने तो वॉर्म टोन पुसून काढला.

मग त्यांना मागचं सगळं धूसर करायचा नाद लागला. शेवगावला त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. अंगठी मुलाच्या बोटाशी आली असताना हे "थांबा, लाइट मागून येतोय" असं ओरडले आणि दोन्ही घरांना पूर्व-पश्चिम फिरवून उभं केलं. एवढं करून जो गटफोटो आला, त्यात अगदी पुढे वाकलेला वाढपी आणि त्याच्या हातातली जिलेबी तेवढी लख्ख होती, बाकी अख्खं व्याहीमंडळ धुक्यात. व्याही फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "आमी आल्तो का न्हाई, तेच कळंना हो." माझाही एक फोटो त्यांनी असाच काढलाय. त्यात फक्त उजवा कान स्वच्छ आहे. बाकीच्या चेहऱ्याबद्दल कॅमेऱ्याचं मत काय आहे ते मी समजून घेतलं आणि वाद घातला नाही.

अशा माणसावर यंदा एक खरं काम येऊन पडलं. सोनईला आमच्या सासूबाई असतात. आम्ही दोघे जावई त्यांना आत्या म्हणतो. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, वय झालेलं, डॉक्टरांनी फारसा धीर दिला नाही. दोघी बहिणींना आईचा एक चांगला फोटो हवा होता. कशाला, ते कुणी बोलत नव्हतं. आधार कार्डावरचा होता, पण त्यात आत्या पोलीस दारात आल्यासारख्या दिसतात. आणि आत्या तर फोटोचं नाव काढू देत नसत. सासऱ्यांना पुतण्याने हौसेने फेटा बांधून फोटोला बसवलं होतं आणि तोच फोटो वर्षाच्या आत हार घालून भिंतीवर गेला. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाचा फोटो कशासाठी काढतात, हे आत्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

नगरला निघायच्या सकाळी साडू कॅमेरा सावरत भीतभीतच त्यांच्यापुढे उभे राहिले. आत्यांनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"तुमचा कुठं येतोय फोटू, जावईबापू. काडा खुशाल. बसते मी."

आणि खरंच ओसरीतल्या खुर्चीत बसल्या. साडू एक चाक फिरवायचे, पुटपुटायचे, दुसरं चाक फिरवायचे. आत्या ते बघत राहिल्या आणि त्यांना हसू आवरेना. त्या हसण्यात कधीतरी बटण दाबलं गेलं.

साडूंनी मागच्या पडद्यावर पाहिलं. मी मान लांब करून डोकावलो. सगळं आलं होतं. कानावरून घसरणारा पदर, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं हसू, पडलेल्या दाताची जागा. डांबरी रस्त्याचा फोटोसुद्धा चार माणसं बोलावून दाखवणाऱ्या या गृहस्थांनी बोटाने कॅमेरा बंद केला.

"हलला, आत्या. नाही आला."

"मला ठावं हुतं," असं म्हणत आत्या निर्धास्तपणे गाडीत जाऊन बसल्या. मेहुणी मात्र कडाडली, "आयुष्यात एक काम सांगितलं तुम्हाला. तेवढंही होईना." साडू मान खाली घालून पिशवीची चेन लावत बसले.

आत्या सुखरूप घरी आल्या. मी साडूंना बाजूला घेऊन म्हटलं, निदान बहिणींना तरी दाखवा. ते म्हणाले, "त्या बघून रडतील. रडलेल्या आईला दिसतील. मग आत्या पुन्हा बसायच्या नाहीत हो." तेव्हापासून आम्ही रविवारी सोनईला गेलो की आत्या हक्काने खुर्ची मागतात, साडू फोटो काढतात, तो येत नाही, आणि घरातलं लहानथोर त्यांच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतं. मीही ठेवतो, अंमळ जास्तच.

गेल्या वेळी आत्या खुर्चीपर्यंत येतानाच दमल्या. बसल्या, पदर नीट केला, आणि हसल्या नाहीत.

"जावईबापू, येऊ द्या की आता एखादा," त्या म्हणाल्या. "पोरींना लागंल."

साडू बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले. मग तो खाली घेतला.

"आज लाइट नाही, आत्या. पुढच्या खेपेला बघू."

ओसरीत खुर्चीच्या पायापर्यंत लख्ख ऊन आलं होतं.