पाडलं की हात द्यायचा

वलगावात नागसेन सरांचं घर विचारलं की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. हसण्यात कुचेष्टा नसते. पण ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या पाहुण्यांना अमेरिकेतली मॅच दाखवली, त्याचं नाव निघाल्यावर गावाने दुसरं करावं तरी काय?

त्याचं असं झालं. लग्नाची शूटिंग पाहायची म्हणून अमरावतीहून भाड्याने व्हीसीआर आणला होता. सगळं सासर सतरंजीवर मांडी घालून बसलेलं. सरांनी कॅसेट घातली, तर वरमालेच्या ऐवजी पडद्यावर आली अमेरिकेतल्या हवाई बेटावरची नारळाची झाडं, हिरवंगार मैदान आणि तोंडाला लोखंडी जाळी लावलेली हेल्मेटं घालून, चेंडू काखेत मारून धावणारे दांडगे गडी. "हे आधी पाहून घ्या, मंग लग्न पाहू," सर म्हणाले. व्हीसीआर संध्याकाळी परत द्यायचा होता, त्यामुळे लग्न राहूनच गेलं. पुढे ती लग्नाची कॅसेटही बुरशी लागून गेली. मायाबाई, म्हणजे त्या वेळची नवरी, अजून ऐकवतात, "माह्या लग्नात कोण कोण आलं होतं ते मले आठवत नाही, पण त्या हवाईवाल्याइचे चेहरे पाठ हायेत."

ती मॅच सरांच्या हाती आली तेव्हा ते सर नव्हते. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करणारा एक काटकुळा पोरगा होता. कॉलेजात एक अमेरिकन पाहुणे काही दिवस शिकवायला आले आणि त्यांच्या दिमतीला नागसेनला दिलं. त्याने पाहुण्यांना वलगावला आणून ठेचा-भाकर खाऊ घातली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मग ताक पाजून त्यांचा जीव वाचवला. जाताना पाहुण्यांनी ही कॅसेट त्याच्या हातावर ठेवली. म्हणाले, आमच्या देशातले सगळ्यात चांगले खेळाडू यात आहेत. ते काही खोटं बोलले नव्हते. फक्त पुढचं सांगायचं राहिलं आणि नागसेनला ते विचारायचं सुचलं नाही.

पुढे सर शाळेत पीटीचे मास्तर झाले. कबड्डी, खो-खो, लेझीम शिकवत नोकरी संपली. शाळेच्या कपाटात शिल्ड काही आली नाही, कारण समोरच्या संघातलं पोरगं पडलं की सर आपली मॅच थांबवून त्याचा गुडघा पाहायला धावायचे. हेडमास्तर चिडायचे. सर म्हणायचे, "मोठे खेळाडू असंच करतात. मी सोता पाहिलं."

पाहिलं होतंच. कॅसेटमधले ते धिप्पाड गडी समोरच्याला पाडायचे, पण झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं तसे. पाडलं की हात देऊन उठवायचे, पाठीवर थाप मारायचे आणि दोघेही हसायचे. चेंडू फेकणाऱ्याला निवांत फेकू द्यायचे. शिवाय एकाच संघात प्रत्येकाचं हेल्मेट वेगळं! सरांना या हेल्मेटांचं फार अप्रूप होतं. जर्सी सगळ्यांची एक, पण डोकं ज्याचं त्याचं, असं ते मायाबाईंना समजावून सांगायचे. मायाबाई तांदूळ निवडत मान हलवायच्या.

मोबाईलचा जमाना आल्यावर एका भाच्याने त्यांना याच खेळाची ताजी मॅच दाखवली. त्यात गडी एकमेकांवर असे आदळत होते की सरांनी डोळे मिटून घेतले. मोबाईल परत देत ते म्हणाले, "हे गल्लीबोळातले पोट्टे असतीन. मोठे लोक असे खेळत नसतात बापा." विषय संपला.

आणि सर रिटायर झाल्यावर तो खेळ आपल्या पायांनी वऱ्हाडात आला. अकोल्याला मुलींची अमेरिकन फुटबॉलची स्पर्धा भरणार, अशी बातमी आली. सर त्या दिवशी जेवले नाहीत. घरोघर फिरले, आयांना समजावलं, बापांच्या हातापाया पडले आणि मुली गोळा केल्या. त्यांत पहिली पिंकी. कबड्डीत चढाई करायची तर तिनेच, अशी पोरगी. घरचे नाही म्हणत होते तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सर शिकवून राहिले ना, मंग मी जाणार." त्या एका वाक्यावर सर कित्येक महिने जगले.

कॅसेट आता पेन ड्राइव्हवर आली होती. मुली सरांच्या घरी बसून ती पाहायच्या आणि मैदानावर तसंच करायच्या. पाडायचं, पण आपटायचं नाही. पाडलं की हात द्यायचा. हेल्मेटं आली ती सगळी पांढरी. सरांनी ती गाड्या रंगवणाऱ्याकडे नेली आणि प्रत्येक वेगळ्या रंगात रंगवून घेतली. पिंकीचं हेल्मेट संत्र्याच्या रंगाचं. रंगाऱ्याने विचारलं, "सर, मंग टीम कशी ओळखू येईन?" सर हसले. त्याला बिचाऱ्याला खेळातलं काय कळणार!

अकोल्याच्या मैदानात वलगावचा संघ उतरला तेव्हा कडेच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "भेळ आली, भेळ!" असं कोणी तरी ओरडलं. समोर अकोल्याचा संघ होता, सगळ्यांची हेल्मेटं काळी कुळकुळीत. त्यांचा कोच गजेंद्र हा सरांचाच जुना विद्यार्थी, मोठ्या शहरातल्या शिबिरात हा खेळ रीतसर शिकून आलेला. आणि त्यांची भरवशाची खेळाडू रागिणी, उंचीपुरी, अंगात घोड्यासारखा दम.

पहिल्याच डावात रागिणीने पिंकीला अशी धडक दिली की धूळ उडाली. पिंकी पाठीवर पडली आणि तिने, शिकवल्याप्रमाणे, उठवून घ्यायला हात वर केला. रागिणी तिला ओलांडून निघून गेली. पिंकीचा हात तसाच वर. मैदानाभोवती हशा पिकला.

पुढची मॅच सांगण्यासारखी नाही. वलगावच्या मुली आपटल्या गेल्या आणि ज्यांना पाडता आलं त्यांना इमानदारीने हात देत राहिल्या. तेवढ्यात समोरची दुसरी कोणी चेंडू घेऊन मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचायची आणि गुण मिळवायची.

मॅच संपल्यावर गजेंद्र सरांच्या पाया पडला. "सर, पोट्ट्याइले हे कोणं शिकवलं?" सरांनी मोठ्या तोऱ्यात कॅसेटची हकिकत सांगितली. हवाई बेट, नारळाची झाडं, वेगवेगळी हेल्मेटं. ऐकता ऐकता गजेंद्रचा चेहरा पडत गेला.

"सर, ते निवडक खेळाडूंची मॅच होय," तो हळूच म्हणाला. "सीझन संपला की सगळ्या टीममधले चांगले चांगले निवडतात आणि लोकाइच्या खुशीसाठी एक मॅच खेळवतात. जो तो आपल्या टीमचं हेल्मेट घालते, म्हणून ते येगयेगळे. आणि कोणाले लागू नाही म्हणून संभाळून खेळतात. ते खरी मॅच नसते, सर."

सरांच्या मागे पिंकी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आमी इतके दिवस खोटा खेळ शिकलो?" ती म्हणाली. डोळे भरले होते, पण रडली नाही. "सगळे हासले, सर. मी हात वर करून पडली होती आणि सगळे हासले." तिने संत्र्याच्या रंगाचं हेल्मेट बाकावर ठेवलं. "मी उद्यापासून नाही येणार."

शिल्ड न मिळाल्याचं सरांना कधी दुःख झालं नव्हतं. हे मात्र काळजात रुतलं. मायाबाईंनी आणलेला डबा तसाच राहिला. सर बाकावर बसून त्या हेल्मेटकडे पाहत राहिले, आणि आपण आयुष्यभर एका गमतीच्या मॅचला धर्म समजून बसलो याची त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली.

संध्याकाळी बक्षिसांच्या आधी एक मॅच ठेवली होती. प्रत्येक संघातून निवडलेल्या मुली, दोन संघ करून, पाहुण्यांसाठी खेळणार होत्या. माईकवर पिंकीचं नाव पुकारलं. ती आली, सरांकडे न बघता हेल्मेट उचललं आणि गेली.

मॅच सुरू झाली आणि लगेच बिनसली. सगळ्या जणी दिवसभराचा राग काढत होत्या. एकीचा ओठ फुटला. आईबाप ओरडू लागले. पंच म्हणून उभ्या असलेल्या गजेंद्रने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि थेट सरांच्या बाकापाशी आला.

"सर, चला. आमाले जिंकाचा खेळ येते. हा खेळ इथं फक्त तुमाले येते."

"माही पोट्टीच माह्याकडं पाहून नाही राहिली," सर म्हणाले. "मी कोणाले काय शिकवू?"

मायाबाईंनी डब्याचं झाकण आपटलं. "अवो, याच्यापायी माह्या लग्नाची कॅसेट पाहाची राहिली. आता बसून राहता? उठा!"

सर उठले. मुली गोळा झाल्या. काळी, पांढरी, हिरवी, निळी हेल्मेटं, आणि त्यांत एक संत्र्याच्या रंगाचं. इतकी वर्षं थरथरत्या चित्रात पाहिलेलं ते सगळं त्यांच्यापुढे उभं होतं, फक्त नारळाच्या जागी कडुनिंब.

"पाडा, पण आपटू नका," ते कसेबसे म्हणाले. "पाडलं की हात द्या. बस, एवढंच."

खेळ पुन्हा सुरू झाला. पिंकीने चेंडू झेलला आणि धावत सुटली. रागिणीने तिला कमरेत धरलं आणि या वेळी अलगद खाली ठेवलं. पण सवय वाईट. ठेवलं आणि पाठ फिरवून चालू लागली.

पिंकी उठली नाही. मातीत पाठ टेकून तिने हात वर केला, सकाळसारखाच.

"अवं ये, हात दे ना!" ती ओरडली.

रागिणी थांबली. "काहून?"

"आमच्या सरचा नियम हाये."

रागिणी मागे आली आणि तिने पिंकीला ओढून उभं केलं. पिंकीने तिच्या पाठीवर थाप मारली, तशी दोघी हसल्या. लोकही हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. कडेला नागसेन सर उपरण्याने डोळे पुसत होते आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हते.

मॅच संपल्यावर पिंकी धूळ झटकत आली. हेल्मेट काखेत घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"सर, उद्या सुट्टी हाये का ग्राउंड हाये?"

"ग्राउंड हाये," सर म्हणाले.